एस कितीही द्या, फेरे बाराच हजार: दांडिया बाजारातल्या एका स्पिंडलचं प्रकरण

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर छोटा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, चालतो. मालक मकरपुरा जीआयडीसीतल्या टूलरूममधून निवृत्त झालेले. शिक्षण कलाभवनातलं, म्हणजे आताच्या सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतलं. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. लेथ आणि मिलिंगवर त्यांचा हात असा की अंदाज आधी बरोबर येतो, मायक्रोमीटर नंतर लागतो. इलेक्ट्रॉनिक्सचा विषय निघाला की मात्र ते भाच्याकडे बोट दाखवतात. भाचा कॉमर्स शिकलेला, पण हौशी. मशीन त्या दोघांचं.

मशीनचा पलंग सहाशे बाय नऊशे मिलिमीटर. डोकं म्हणजे आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर वायरी जोडायची सीएनसी शील्ड आणि आत ग्रबल १.१, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी वाचून मशीन हलवणारं सॉफ्टवेअर. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, दीड किलोवॉटचा, हवेवर थंड होणारा, बिट धरायला ईआर११ कोलेट असलेला, ४०० हर्ट्झला मिनिटाला २४००० फेरे देणारा. त्याला चालवायला सिंगल फेजवरचा चिनी व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग ठरवणारा खोका, ज्याच्या सगळ्या सेटिंगना ‘पीडी’ आणि तीन आकडे असं नाव असतं. हौशी मशीनवाल्यांपैकी निम्म्यांकडे हाच संच सापडेल, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

तक्रार बिटांची होती. एमडीएफची मखरं, जाळीचे तुकडे, देव्हाऱ्यांच्या कमानी हे सगळं तीन मिलिमीटरच्या बिटाने वर्षभर छान निघत होतं. मग दारावरच्या पाट्यांची कामं यायला लागली. गुजराती अक्षरं बऱ्यापैकी निघायची, मराठी पाटीत मात्र वेलांट्या, रफार आणि शिरोरेषेला चिकटलेले कोपरे आले, की एक मिलिमीटरचं बिट लावावं लागायचं. आणि ते तुटायचं. जवळजवळ प्रत्येक पाटीला एक.

काकांचं निदान सोपं होतं, “बिटं हलकी आहेत.” भाच्याचं निदान वेगळं, “दादा, आर्डुइनो गेलाय.” त्याने तो बदलूनही पाहिला होता. त्याआधी मशीन जोडून देणाऱ्या माणसाने येऊन काहीतरी स्क्रू फिरवून “आता बघा” म्हटलं होतं, आणि त्यानंतर एमडीएफचं काम खरंच सुधारलं होतं. हा स्क्रू पुढे महत्त्वाचा ठरतो.

बिट तुटण्याचं गणित

बिटाच्या प्रत्येक धारेला एका फेऱ्यात किती माल कापावा लागतो हे काढायचं असेल, तर सरकण्याचा वेग भागिले फेरे भागिले धारा. भाच्याने पाटीसाठी प्रोग्रॅममध्ये दिलं होतं एफ७२० (सरकण्याचा वेग, मिनिटाला मिलिमीटर), एस२४००० (स्पिंडलचे मिनिटाला फेरे), दोन धारांचं बिट. म्हणजे ०.०१५ मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या बिटाला हे सोसतं. पण स्पिंडल प्रत्यक्षात १२००० ने फिरत असेल तर तोच आकडा ०.०३ होतो. बिटाच्या बारीक मानेवर दुप्पट भार. जाड बिटाला एवढ्या फरकाने काही होत नाही, म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

फेरे कमी आहेत ही शंका कानाने आली. मी सेंडरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून हुकूम पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एम३ (स्पिंडल चालू) एस८००० टाकलं, ऐकलं. मग एस१६०००. मग एस२४०००. सूर तोच. काका बाजूला उभे होते, त्यांनी माझ्या आधी मान हलवली. चाळीस वर्षं मशिनांचा आवाज ऐकलेल्या माणसाला ते कळायला आकडा लागत नाही. त्यांनी हे आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण काम चालू असताना एस बदलायची वेळच आली नव्हती.

“पण डिस्प्लेवर तर ५७६० येतंय,” भाचा म्हणाला. त्याचा गोंधळ इथूनच सुरू झाला होता. व्हीएफडीच्या डिस्प्लेवर बटण दाबलं की हर्ट्झच्या जागी फेरे दिसतात, पण हे फेरे मोजलेले नसतात. व्हीएफडी पीडी१४४ मधला आकडा घेतो, तो ५० हर्ट्झचे फेरे समजतो आणि त्यावरून गुणाकार करून दाखवतो. कारखान्यातून तिथे १४४० येतं, साध्या चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचं. आपला स्पिंडल दोन पोलचा, ५० हर्ट्झला ३००० फेऱ्यांचा. म्हणजे २०० हर्ट्झला खरे फेरे १२०००, डिस्प्ले सांगणार ५७६०. पीडी१४३ मध्ये २ आणि पीडी१४४ मध्ये ३००० टाकले आणि तो भ्रम तिथेच मिटला. स्पिंडलच्या वेगाचा काही घोळ असेल तर आधी फक्त हर्ट्झ वाचावेत. १२० गुणिले हर्ट्झ भागिले पोल, एवढं तोंडी येतं.

हर्ट्झ वाचले. एस८००० ला २००. एस२४००० ला २००.

साखळीचे सांधे

प्रोग्रॅममधला एस आणि कोलेटमधलं बिट यांच्यामध्ये बरेच सांधे असतात. ग्रबल एसचा आकडा घेऊन त्याची $३० शी, म्हणजे कमाल वेगाच्या सेटिंगशी, तुलना करतो आणि ऊनोच्या ११ नंबरच्या पिनवर चालू-बंद होणारी पाच व्होल्टची नाडी काढतो. ती नाडी एका छोट्या मॉड्यूलकडे जाते, ज्यावर एलएम३५८ नावाची आयसी असते. ते नाडीची सरासरी काढून शून्य ते दहा व्होल्ट करतं. ते व्होल्ट व्हीएफडीच्या व्हीआय टर्मिनलवर येतात आणि व्हीएफडी त्यांचे हर्ट्झ करतो. सगळं नीट असेल तर एस१२००० ला पिनवर मल्टिमीटर सरासरी अडीच व्होल्ट दाखवतो, व्हीआयवर पाच आणि डिस्प्लेवर २००. एस२४००० ला पाच, दहा आणि ४००.

दुरुस्ती करणारे बहुतेक जण या साखळीच्या दोन टोकांकडे बघतात. इकडे एस, तिकडे फेरे, आणि मधला जो स्क्रू हाताला लागेल तो फिरवायचा. मला एकच सवय सांगावीशी वाटते, की प्रत्येक सांध्यावर मीटर लावून आकडा लिहून घ्यावा आणि तोपर्यंत कशालाच हात लावू नये. काकांना हे लगेच पटलं. टूलरूममध्ये माप न घेता पाचर ठोकणाऱ्याला ते काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

व्हीएफडीजवळ मीटर नेण्याआधीची खबरदारी काकांना माहीत होती, भाच्याला नव्हती. २३० व्होल्टवर चालणाऱ्या व्हीएफडीच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेला असतो आणि मेन बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहतो. आतला दिवा पूर्ण विझेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आणि स्पिंडल फिरत असताना त्याची केबल कधीही उपसायची नाही.

पहिलाच सांधा पाहताना भाच्याने हरकत घेतली. मॉड्यूलची वायर शील्डवर झेड लिमिटच्या, म्हणजे वर-खाली सरकण्याच्या टोकावरच्या स्विचच्या, खुणेशी लावलेली होती. “दादा, ही चुकीच्या जागी आहे, स्पिंडलची पिन इथे लिहिलीय की.” वायर बरोबर जागी होती. ही शील्ड ग्रबलच्या जुन्या मांडणीप्रमाणे छापलेली आहे. पुढे ०.९ पासून वेग बदलणाऱ्या स्पिंडलसाठी ११ आणि १२ नंबरच्या पिनांची अदलाबदल झाली, नाडी ११ वर आणि झेडचा लिमिट १२ वर गेला. छपाई मात्र तशीच राहिली. त्यामुळे नव्या ग्रबलमध्ये स्पिंडलची नाडी झेड लिमिटच्या पिनवर मिळते आणि झेडचा स्विच स्पिंडल एनेबल लिहिलेल्या पिनवर लावायचा असतो. ही गोष्ट माहीत नसल्याने चांगली जोडलेली मशिनं लोकांनी विस्कटलेली मी पाहिली आहेत.

पिनवर मीटर लावला. एस८००० ला ४.९ व्होल्ट. एस२४००० ला ४.९ व्होल्ट. म्हणजे ऊनो दोन्हीला पूर्ण जोर देत होता. पुढे व्हीआयवर दोन्हीला ५.० व्होल्ट, दहा नाही. दोन सांध्यांवर दोन वेगळ्या गोष्टी बिघडलेल्या होत्या.

सेंडरमध्ये $$ टाकून यादी काढली आणि $३० च्या पुढे १००० दिसलं. हा ग्रबलचा मूळ आकडा आहे. मशीन जोडणाऱ्याने मध्ये कधीतरी ग्रबल पुन्हा चढवला असणार, तेव्हा सेटिंग मूळ पदावर गेली; स्टेपचे आकडे त्याने परत भरले, कारण त्याशिवाय मशीनची मापंच चुकतात. $३० कोणी भरलं नाही. आता ग्रबलच्या दृष्टीने कमाल वेग १०००, आणि त्याच्या वरचा कोणताही एस म्हणजे कमालच. आठ हजार असो की चोवीस हजार.

खात्री करायची एक गमतीशीर युक्ती आहे. एस५०० दिला. स्पिंडल १०० हर्ट्झवर आला. “अरे, ऐकतो की हा!” काका म्हणाले. साखळी जिवंत होती, फक्त पट्टी चुकीची होती.

आणि तो स्क्रू? $३० चुकल्यावर पहिल्यांदा स्पिंडल प्रत्येक कामाला पूर्ण जोराने पळत असणार, आणि एमडीएफच्या कडा करपत असणार. जोडणाऱ्याने मॉड्यूलवरचा निळा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर, फिरवून पूर्ण नाडीला पाच व्होल्ट येतील असं केलं. फेरे बारा हजारांवर आले, एमडीएफ सुधारलं. दोन चुकांनी एकमेकींना एका बिंदूपाशी तोलून धरलं होतं, आणि काकांची सगळी कामं योगायोगाने त्याच बिंदूवर होती.

सुधारल्यावर बिघडलं

$३० ला २४००० दिले, किमान वेगाच्या $३१ ला ० ठेवले आणि लेसर मोडचं $३२ शून्यच आहे ना ते पाहिलं. आता एस१२००० ला स्पिंडल ६००० ने फिरायला लागला. हे अपेक्षितच होतं, कारण प्रीसेट अजून निम्म्यावर होता, पण काकांचा चेहरा पडला. “आधी निदान मखरं तरी निघत होती रे.”

प्रीसेट वर घेताना व्हीआयची वायर आधी सोडवून घेतली, चुकून जास्त व्होल्ट निघाले तर व्हीएफडीच्या आत जाऊ नयेत म्हणून. एस१२००० ला नीट पाच व्होल्ट लावले, वायर परत जोडली आणि पायरीपायरीने वर गेलो. एस६००० ला १०० हर्ट्झ. एस१८००० ला ३००. एस२०००० पर्यंत झकास. एस२२००० ला ३४०. एस२४००० लाही ३४०. सरळ चढ आणि मग पठार.

व्हीआयवर साडेआठ व्होल्टच्या वर काही जात नव्हतं. मॉड्यूलला वीज कुठून दिलीय ते पाहिलं, तर व्हीएफडीच्याच १० व्होल्ट टर्मिनलवरून. वायर वाचवायला हे सोयीचं वाटतं, पण एलएम३५८ ला तिच्या पुरवठ्याइतका व्होल्ट बाहेर काढता येत नाही, वरून साधारण दीड व्होल्ट ती गिळते. दहा दिले तर साडेआठच निघणार, म्हणजे ३४० हर्ट्झ, म्हणजे २०४००. शिवाय ते टर्मिनल बाहेरच्या पोटेन्शिओमीटरसाठी काही मिलिअँपिअर देण्यापुरतं असतं, त्यावर बिऱ्हाड मांडू नये. स्टेपरच्या २४ व्होल्ट पुरवठ्यावरून मॉड्यूलला वीज दिली, व्हीआय सोडवून प्रीसेट परत लावला, एस२४००० ला दहा व्होल्ट मिळाले. पीडी०७० शून्यावर आहे, म्हणजे ०–१० व्होल्ट निवडलेत, आणि कमाल हर्ट्झ ठरवणारे पीडी००५ व पीडी०७२ दोन्ही ४०० आहेत हेही पाहून घेतलं. डिस्प्लेवर ४००. कोलेटच्या नटावर चमकपट्टी चिकटवून टॅकोमीटर धरला तर २४००० पेक्षा थोडा कमी आकडा. इंडक्शन मोटर थोडी मागे राहतेच, ती चूक नव्हे.

इथे $३१ बद्दल एक सांगून ठेवतो. हवेवर थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो, तो हळू फिरला तर स्पिंडल तापतो. म्हणून लोक $३१ मध्ये ८००० टाकतात, समजूत अशी की आता त्याखाली जाणार नाही. प्रत्यक्षात $३१ हा पट्टीचा शून्य बिंदूही असतो. $३१ आठ हजार आणि $३० चोवीस हजार असेल, तर एस१६००० ला ग्रबल निम्मी नाडी देतो, व्हीआयवर पाच व्होल्ट येतात आणि स्पिंडल १२००० ने फिरतो. खालची मर्यादा व्हीएफडीतच घालावी. काकांच्या मशीनवर पीडी०११ ला १२० हर्ट्झ दिले, म्हणजे ७२०० फेरे.

पहिली पाटी लावली. बिट पहिल्याच खाली उतरण्यात तुटलं. काका काही बोलले नाहीत, पण डब्यातलं नवीन बिट काढताना त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं ते पुरेसं होतं.

ग्रबल १.१ एम३ दिल्यावर स्पिंडलची वाट पाहत नाही. हुकूम सोडतो आणि लगेच पुढची ओळ घेतो. व्हीएफडीला पीडी०१४ प्रमाणे शून्यापासून ४०० हर्ट्झ गाठायला दहा सेकंद लागतात. आधी बारा हजार गाठायला निम्माच वेळ लागायचा, आणि जाड बिट अर्ध्या वेगातली घुसखोरी सहन करायचं. आता पूर्ण वेग गाठायच्या आत बारीक बिट लाकडात शिरलं होतं. एम३ च्या पुढच्या ओळीत जी४ पी१२ घातलं, बारा सेकंद थांबण्यासाठी. ग्रबलमध्ये पी म्हणजे सेकंदच. डिझाइनवरून प्रोग्रॅमच्या ओळी बनवणाऱ्या पोस्ट प्रोसेसरमध्येही ती ओळ कायमची टाकली, नाहीतर भाचा ती हाताने घालायला विसरणार होता. पुढची पाटी पूर्ण निघाली. वेलांट्यांसकट.

मध्येच थांबणं

लांब कामं सुरू झाली तेव्हा दुसरं दुखणं वर आलं. मशीन मध्येच अडायचं आणि सेंडरवर ‘अलार्म १’ यायचा, म्हणजे मशीन टोकाला पोचून लिमिट स्विच दाबला गेल्याची सूचना. स्विच तर हातभर लांब. कधी यूएसबीच तुटायची. काका म्हणाले, हे आधीही व्हायचं, पण लॅपटॉप रुसलाय म्हणून सोडून द्यायचो.

पाटीचा प्रोग्रॅम हवेत चालवून पाहिला. व्हीएफडी बंद असताना एकही अलार्म नाही. व्हीएफडी चालू पण स्पिंडल थांबलेला, तरी नाही. स्पिंडल फिरायला लागला की अलार्म. $२१ शून्य करून हार्ड लिमिट तात्पुरते बंद केले तर अलार्म गेला, पण यूएसबी तरीही तुटली. म्हणजे व्हीएफडीचा कचरा दोन वाटांनी येत होता, लिमिटच्या वायरींमधून आणि यूएसबीमधून. मग लॅपटॉपचा चार्जर काढला. बॅटरीवर यूएसबी तुटायची थांबली. आता नजर जमिनीकडे वळणं भाग होतं.

भाच्याला विचारलं, “मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?” “येतात ना, पावसाळ्यात जरा जास्त. चपला घालून चालवतो.” हे त्याने इतक्या सहज सांगितलं की काकांनी कपाळाला हात लावला.

वाड्याच्या त्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट होतं, पण जुन्या दोन वायरींच्या फिटिंगवर बसवलेलं. तिसरी पिन कुठेच गेलेली नव्हती. पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जमिनीला पोचली नाही तर सगळं लोखंड मेनच्या जवळपास निम्म्या व्होल्टवर तरंगतं. फ्रेम ते न्यूट्रल मीटर लावला तर ११० च्या आसपास आकडा आला. करंट थोडा असतो, म्हणून माणूस झिणझिणीवर सुटतो. पण त्याच फ्रेमला कधी फेजची वायर टेकली तर सोडवायला काहीच नव्हतं. फेरे आणि बिटं बाजूला ठेवून काम तिथेच थांबवलं. वायरमन बोलावला, अंगणात नवीन अर्थिंग करून घेतलं आणि तिथून वेगळी हिरवी वायर खोलीत आणली. मशीन त्यानंतरच लावलं.

अर्थिंग झाल्यावर यूएसबी चार्जरसकट टिकली. अलार्म कमी झाले, संपले नाहीत. स्पिंडलच्या बॉडीपासून व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत मीटर लावला, जोड नव्हता. स्पिंडलच्या चार पिनांच्या गोल कनेक्टरमध्ये चौथी पिन बाहेरून दिसते, पण स्वस्त स्पिंडलमध्ये ती आत बॉडीला जोडलेली असेलच असं नाही. केबलची चौथी वायर इमानदारीत लावलेली होती आणि ती कशालाच धरत नव्हती. स्पिंडलच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली लग देऊन जाड वायर थेट व्हीएफडीच्या अर्थला आणली. केबलची जाळी दोन्ही टोकांना अर्थ केली. मोटरच्या केबलला तसंच करतात. मॉड्यूलच्या सिग्नल वायरची जाळी मात्र एकाच टोकाला.

मग लिमिटच्या वायरी. त्या स्पिंडलच्या केबलसोबत एकाच साखळी-पट्ट्यातून गळ्यात गळा घालून चालल्या होत्या. त्यांना वेगळी वाट दिली. ऊनोच्या आतला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे पिन पाच व्होल्टकडे ओढून धरणारा, २० ते ५० किलोओमचा असतो. एवढ्या अशक्त ओढीवर लांब वायर अँटेनासारखी वागते. प्रत्येक लिमिटला पाच व्होल्टकडे ४.७ किलोओम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. त्याने स्विच कळायला अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर होतो. काकांनी लगेच विचारलं, “मग होमिंगची अचूकता जाईल ना?” मिनिटाला १००० मिलिमीटर वेगाने त्या वेळात मशीन ०.००८ मिलिमीटर सरकतं, आणि होमिंगचा, म्हणजे मशीनने स्विच शोधून आपली मूळ जागा ठरवण्याचा, शेवटचा स्पर्श तर त्याहून हळू असतो. त्यांनी मनात हिशोब केला आणि चहा मागवला.

एक झटका उरला होता

यूएसबी जोडली की स्पिंडल हलकासा झटका खायचा. दोघांना याची इतकी सवय झाली होती की तक्रारीत हे आलंच नव्हतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात अर्थिंगखालोखाल हेच गंभीर होतं.

व्हीएफडीला चालू करायची आज्ञा एका रिलेतून जात होती, तो व्हीएफडीच्या एफओआर आणि डीसीएम टर्मिनलांना जोडतो. रिले ऊनोच्या १३ नंबरच्या पिनवर होता. ग्रबल तयार करताना दिशेची पिन एनेबल म्हणून वापरायचा पर्याय घेतलेला, म्हणून एम३ ला रिले बरोबर ओढायचा. पण ऊनोवरचा छोटा दिवा याच १३ वर असतो. सेंडरने पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो, आणि रीसेट झाल्यावर बूटलोडर, म्हणजे ऊनोत सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, हा दिवा भराभर लुकलुकवतो. दिव्यासोबत रिलेही खटखटतो. त्या क्षणी कोणी कोलेटच्या नटाला पाना लावून उभं असेल तर?

बूटलोडर बदलता येतो, पण उद्या दुसरा आर्डुइनो लागला की पुन्हा तेच. त्यामुळे उपाय वायरीत केला. रिलेपासून एफओआरकडे जाणाऱ्या वायरीत एक चावीचा स्विच आणि आणीबाणीचं लाल बटण, दोन्ही एकापाठोपाठ एक. बिट बदलताना चावी काढून खिशात. संगणकाला हवं ते बरळू दे, चावी बाहेर असेल तर आज्ञा पोचत नाही. लाल बटण आधीही होतं, पण त्याने फक्त ऊनो रीसेट व्हायचा. म्हणजे घाबरून ते दाबलं की तोच झटका.

सध्याची स्थिती अशी आहे. $३० २४०००, $३१ शून्य, पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही १, म्हणजे चालू-बंद आणि वेग दोन्ही बाहेरच्या टर्मिनलवरून. प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब आहे, पुन्हा कोणी स्क्रू-ड्रायव्हर लावला तर कळावं म्हणून. सगळी यादी भाच्याने छापून व्हीएफडीच्या झाकणाच्या आत चिकटवली. मॉड्यूल अजून साधंच आहे, त्यामुळे व्हीएफडीचा एसीएम (वेगाच्या सिग्नलचं ग्राउंड टर्मिनल), ऊनो आणि लॅपटॉप यांचं ग्राउंड एकच आहे. ऑप्टोकपलर असलेलं, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पलीकडे देऊन दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं, मॉड्यूल लावायला हवं, ते आणायचं बाकी आहे.

भाच्याला आता व्होल्टची ही भानगडच नको आहे. ईएसपी३२ या चिपच्या बोर्डवर चालणारं फ्लुइडएनसी हे ग्रबलसारखं सॉफ्टवेअर या जातीच्या व्हीएफडीशी आरएस४८५ या डेटाच्या तारेवरून थेट बोलू शकतं, वेग आकड्यातच पाठवतं, मग मॉड्यूलही नको आणि प्रीसेटही नको. तो बोर्ड निवडून बसलाय. काकांनी मात्र बजावलंय की गणपती होईपर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही, मखरांच्या ऑर्डरी घेतल्या आहेत.